कोहळ्याची पहिली चीर

अण्णाजींच्या वर्षश्राद्धाचा, वर्षीचा दिवस उजाडला तेव्हा आनंदाबाईंच्या खाटेखाली कोहळ्यांची रांग लागलेली होती, आणि त्यातल्या एकालाही अजून पावशी लागली नव्हती.

कोहळं म्हणजे आपल्याकडचं लाल कोहळं, पुण्यामुंबईकडे ज्याला भोपळा म्हणतात ते. अख्ख्या कोहळ्याला बाईमाणसानं पहिली चीर द्यायची नाही, ही या घरातली रीत. कोहळं म्हणजे घरातलं थोरलं लेकरू. आईनं लेकरावर पावशी, म्हणजे विळी, कशी चालवायची? पुरुषानं एकदा चीर दिली की मग बायकांनी त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात, तेव्हा लेकराची आठवण कोणालाच येत नाही. रीतींना अशा सोयी असतात म्हणून तर त्या टिकतात. त्यातही इथं चीर द्यायचा मान थोरल्या पुरुषाचा. आधी आनंदाबाईंच्या सासऱ्यांचा होता, मग नवऱ्याचा, अण्णाजींचा झाला. धाकट्या नत्थूजींचे केस पांढरे झाले, पण थोरला भाऊ जिवंत असेतो त्यांनी कोहळ्याला पावशी लावली नाही.

अण्णाजी गेल्या कार्तिकात गेले. तेव्हापासून आनंदाबाईंच्या चुलीवर कोहळ्याची भाजी चढली नव्हती. गल्लीतल्या कोणाही बाप्याला हाक मारली असती तर त्यानं उभ्या उभ्या चीर देऊन दिली असती. पण आनंदाबाईंना कोणीही बाप्या नको होता, त्यांना दीर हवा होता. आणि दीर कुंपणापलीकडे होता.

कुंपण पऱ्हाटीचं होतं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं. ते घातलं अण्णाजींनी, आणि कारण काय, तर जांबाचं, म्हणजे पेरूचं झाड. अण्णाजींनी हातानं वाढवलेलं, गोड जांबांचं झाड. त्याची सावली नत्थूजींच्या मिरच्यांवर पडायची. अण्णाजी लेकीकडे वर्ध्याला गेलेले पाहून नत्थूजींनी कुऱ्हाड घेतली आणि झाड अर्ध्यावर छाटलं. परत आल्यावर अण्णाजी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडीभर पऱ्हाट्या आणल्या आणि परसाचे दोन तुकडे केले. विहीर तिकडे गेली, चांगली काळी माती इकडे राहिली.

तिथून दोघा भावांचा अबोला तो शेवटपर्यंत. पण गंमत अशी, की नत्थूजी रोज सकाळी विहिरीचं पाणी काढत आणि दांडात, म्हणजे मातीच्या पाटात सोडत, तो दांड कुंपणाखालून थेट अण्णाजींच्या वांग्यांपर्यंत जाई. तो त्यांनी एक दिवस बुजवला नाही. अबोला भावाशी होता, भावाच्या वांग्यांशी नव्हता. आणि यशोदाबाई, नत्थूजींची बायको, आपल्या वेलाचं कोहळं त्याच दांडाच्या फटीतून इकडे सरकवायची. अण्णाजी ते उलटंपालटं करून पाहत, "हे आपल्या वेलाचं नाई वाटत," असं भिंतीला सांगत, आणि चीर देत. चिरलेलं कोहळं फटीतून परत जाई. तिकडे नत्थूजी ती भाजी मिटक्या मारत खात, चीर कोणाच्या हातची ते न विचारता.

अण्णाजी गेले आणि तिकडून कोहळी येणं थांबलं. आता तिकडे थोरले नत्थूजीच. ते स्वतःच चिरत असतील, असं आनंदाबाईंनी गृहीत धरलं. भावाची जागा घेतली आणि वहिनीला येऊन एका शब्दानं सांगितलंही नाही, ही गोष्ट त्यांना वर्षभर काट्यासारखी सलत होती.

---

आनंदाबाई सकाळीच परसात उतरल्या. गिरडच्या टेकडीवर अजून धुकं होतं. ओच्यात त्यांनी वांगी खुडली, गवारीच्या शेंगा खुडल्या, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी उपटली. ओला सांभार हाताला लागला की त्यांना बरं वाटायचं. वर्षभरात त्यांना बरं वाटायच्या जागा एवढ्याच उरल्या होत्या.

"बाई, अळूचे पानं देऊ का?" कुंपणापलीकडून यशोदाबाईंचा आवाज आला. "वड्याले लागतीन ना."

"दे वं. भाऊजी कुठी हायेत?"

"कोठ्यात. बैलाले चारा टाकून राह्यले."

"येतात ना जेवाले?"

काड्यांमधून यशोदाबाईंचा अर्धाच चेहरा दिसत होता, पण अर्ध्या चेहऱ्यावरूनही कळायचं ते कळलं. "मी का सांगू बाई. इचारलं त म्हणते, मले बोलावलं कोनी?"

"घरच्या मानसाले घरच्या वर्षीले आवतन द्या लागते का?" आनंदाबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या. कोठा फार लांब नव्हता. बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजली.

बोलवायचं एक वाक्य होतं, पण ते आनंदाबाईंच्या ओठावर येत नव्हतं. चूक केली त्यानं, झाड छाटलं त्यानं, मग पहिलं पाऊल कोणी टाकायचं? गावभर त्यांना सोशिक म्हणत, पण आतून बाई मोठी हट्टी होती. आणि आज हट्टाचं मोल चुकवायचा दिवस होता.

कारण दिवाळीत त्यांनी नलूला शब्द दिला होता. नलू ही त्यांची एकुलती एक लेक. "एकटी राहू नको, वर्ध्याले चाल," म्हणून ती हटून बसली, तेव्हा आनंदाबाई म्हणाल्या होत्या, "वर्षीपावतर थांब. त्या दिवशी तुहे काकाजी या घरात येऊन जेवले, त मी इथंच राहीन. नाई आले, त समजीन का माहं इथं कोनी नाई, आन् तुह्यासंगं येईन." नलूनं लगेच हो म्हटलं. काकाजी येणार नाहीत, याची तिला खात्रीच होती.

---

"आई, अकरा वाजाले आले," नलू चुलीपाशी वड्यांचं पीठ मळत म्हणाली. "कोहळं कवा चिरतं आन् भाजी कवा होते? यायच्या हातानं चीर देऊन घे. जावई काय पुरुष नाई?"

"जावई पाहुना असते."

"पाहुना असते, पाहुना असते! सहा वर्षं झाले लग्नाले. आन् जे घरचे हायेत ते काय करून राह्यले? कोठ्यात बसून हायेत." नलूचा हात पिठात जोरात फिरायला लागला. "बाबा सेवाग्रामले दवाखान्यात पडून होते, तवा एक दिवस आले का? सारं गाव येऊन गेलं. सख्खा भाऊ नाई आला. आन् तू त्याईचीच वाट पाहून राह्यली."

नलूचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. लेक वाईट असती तर भांडता आलं असतं. ती आईच्या मायेनंच बोलत होती. जावई ओमप्रकाशही सोन्यासारखा माणूस. वर्ध्याच्या दोन खोल्यांत सासूसाठी खिडकीजवळची जागा त्यानं आधीच रिकामी करून ठेवली होती. "मामीजी," तो काल म्हणाला होता, आपल्याकडे सासूला मामीजीच म्हणतात, "आपल्या गॅलरीत ऊन छान येते. डालड्याचे डबे आणून ठेवले आहेत मी. तुम्ही टमाटर लावा, सांभार लावा." आनंदाबाई हसल्या होत्या. रात्री मात्र त्यांना दिसत राहिले ते डबे, आणि डब्यातली ती मूठभर माती. तिच्यात हात घातला तर मनगटही बुडणार नाही, हे आठवून त्या उशीत तोंड घालून रडल्या. नवरा गेला तेव्हा माणसांत रडल्या होत्या. मातीसाठी एकट्या रडल्या.

तेवढ्यात ओमप्रकाश केस पुसत आत आला. आंघोळीला म्हणून तो विहिरीवर गेला होता. विहीर नत्थूजींकडे, पण जावयाला कुंपण थोडंच असतं. तो गल्लीतून वळसा घालून खुशाल गेला आणि वर चहा पिऊन आला.

"तिकडे चहा काऊन पेला?" नलूनं विचारलं.

"काकूंनी दिला. नाही म्हणू का?" त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "बाकी मामीजी, या घराण्याची एक गोष्ट मला समजली नाही. कोहळं इतकं आवडतं तर खात का नाही कोणी? इथं खाटेखाली रांग, अन् तिथं काकाजींच्या कोठ्याच्या माळ्यावर पण रांग. एकसुद्धा चिरलेलं नाही. दोन-तीन तर सडायला आले आहेत."

आनंदाबाईंच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली.

"का म्हणले?"

"माळ्यावर. मागच्या सालचे पण आहेत वाटते. मी म्हटलं, काकूजी, एक तर फोडा. तर त्या रडायलाच लागल्या. मी गडबडलो. काही चुकलं का माझं?"

काही चुकलं नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा कोणाचं तरी काही बरोबर झालं होतं. म्हणजे दिरानं भावाची जागा घेतलीच नव्हती. भाऊ गेला आणि त्यानं पावशीच उचलली नाही. अख्खं वर्ष त्याच्याही घरात कोहळं शिजलं नाही. दोन घरं, दोन रांगा, आणि मधे वाळक्या काड्या. इकडे त्या त्याची वाट पाहत होत्या, आणि तिकडे तो गेलेल्या भावाची.

"आई, काय झालं वं?" नलू पिठाच्या हातानं जवळ आली.

"काई नाई." आनंदाबाई उठल्या, खाटेखाली वाकल्या आणि रांगेतलं सगळ्यात मोठं कोहळं ओढून काढलं. ते पोटाशी धरून, धापा टाकत, त्या परसात निघाल्या. ओमप्रकाश धावला, "मामीजी, द्या इकडे," पण त्यांनी दिलं नाही.

---

दांडाच्या तोंडाशी त्या उकिडव्या बसल्या. पाणी वाहत होतं, म्हणजे नत्थूजी विहिरीवर होते. आनंदाबाईंनी कोहळं दांडात ठेवलं आणि फटीत ढकललं.

ते अर्धं गेलं आणि अडकलं.

यशोदाबाई पाठवायच्या ती कोहळी बेताची असायची, फटीचं माप त्यांना ठाऊक होतं. आनंदाबाईंनी आजवर अख्खं कोहळं कधी पाठवलंच नव्हतं, फक्त घेतलं होतं. त्यामुळे ही चूक त्यांच्याच हातून व्हायची होती. त्यांनी डावीकडून ढकललं, उजवीकडून ढकललं. कोहळं फटीत बुचासारखं घट्ट बसलं. ना इकडे येईना, ना तिकडे जाईना. इकडे वांग्यांचं पाणी बंद झालं, आणि तिकडे दांड तुंबून पाणी मिरच्यांमध्ये शिरायला लागलं.

"यशोदा! पानी कायनं तुंबून राह्यलं, पाय!" पलीकडून नत्थूजींचा आवाज आला. मग चिखलात पावलं वाजली, जवळ आली आणि थांबली.

आता कुंपणाच्या या बाजूला वहिनी, त्या बाजूला दीर, आणि मधे कोहळं. मागे नलू आणि ओमप्रकाश येऊन उभे राहिले. नलू काहीतरी बोलणार होती, तिचा दंड ओमप्रकाशनं हळूच दाबला. कालपर्यंत सासूला वर्ध्याला न्यायचं म्हणून बायकोवरही वरताण करणारा हा माणूस आता श्वास रोखून कोहळ्याकडे पाहत होता.

"भाऊजी," आनंदाबाई म्हणाल्या. अबोला पडल्यापासून त्यांनी ही हाक पहिल्यांदा मारली. "मी हावो."

पलीकडे चिखलात एक पाऊल पुढे सरकलं.

"कोहळं घातलं तुमच्याकडं. अडकलं."

"इतकं मोठं काऊन घातलं मंग?" नत्थूजी म्हणाले.

"मले का मालूम फट लहान हाये म्हणून."

यशोदाबाई तिकडे तोंडाला पदर लावून हसली की रडली, ते इकडे कळलं नाही. नत्थूजींनी कोहळं ओढून पाहिलं. मग त्यांनी एक काडी मोडली. मग दुसरी. वर्षभर कुंपणाची डागडुजी कोणी केली नव्हती, काड्या आतून पोखरल्या होत्या. तिसरीला हात घातला तशी बाजूची पेंढीच्या पेंढी आडवी झाली, आणि कोहळं चिखलात कलंडलं. समोर नत्थूजी उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, दाढी वाढलेली. आनंदाबाईंना वाटलं, किती थकला हा माणूस, आणि मी रोज कुंपणापलीकडचा नुसता आवाज ऐकत बसले.

"चीर देऊन द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याईचा निवद खोळंबला."

नत्थूजींनी मान हलवली. "नाई जमत वहिनी. दादाचा हात हाये तो. मी लावू त..." ते खाली बघत राहिले. "दादाचं झाड तोडलं मी. ते रागातच गेले. आता त्याईच्या जाग्यावर बसून कोहळं चिरू? लोकं का म्हणतीन, दादा का म्हणतीन?"

"दादा का म्हणले ते मले मालूम हाये," आनंदाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी वर्षभर गिळून ठेवलं होतं; त्यानं येऊन माफी मागावी, मग सांगू, म्हणून. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "छाटल्यावर त्या झाडाले पुढच्या साली इतके जांबं आले का फांद्याले टेकू द्या लागले. त्याईनं पाह्यलं, आन् मले म्हणले, नत्थूनं बरोबर छाटलं, माही मायाच आडवी येत होती. म्या म्हटलं, मंग जाऊन सांगा ना त्याले. म्हणले, सांगतो, सांगतो. सांगतो म्हणता म्हणता ऱ्हाऊन गेलं, भाऊजी. ते रागात नाई गेले. लाजंत गेले."

नत्थूजी चिखलात तसेच खाली बसले. म्हातारा माणूस रडताना चेहरा झाकतो, त्यांनी झाकला नाही. कोहळ्यावर हात ठेवून ते रडत राहिले, आणि यशोदाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग नलू पुढे आली. तिच्या हाताला अजून पीठ होतं. "काकाजी, दवाखान्यात काऊन नाई आले?" ती म्हणाली. वर्षभर आईला विचारलेला प्रश्न तिनं आज ज्याला विचारायचा त्याला विचारला.

"भेव वाटलं बाई," नत्थूजी म्हणाले. "मी गेलो आन् दादानं तोंड फिरवलं त? मंग कुठी जाऊ मी? म्हणून नाई आलो. चुकलं माहं."

नलूजवळ वर्षभराचं भांडण तयार होतं, पण एवढ्या सरळ उत्तरापुढे ते कसं करावं हे तिला कळेना. ती वळली. मग घरात गेली, पावशी घेऊन आली, आणि ओट्यावर पाट मांडून, आडव्या काड्यांवरून इकडे आलेल्या काकाजींच्या समोर तिनं ती ठेवली.

---

चीर पडली तेव्हा आतला केशरी रंग पाहून ओमप्रकाशच्या तोंडून "वा!" निघून गेलं आणि मग तोच ओशाळला. पुढचं सगळं बायकांच्या हातांनी भराभर केलं. मेथीच्या दाण्यांची फोडणी बसली, गूळ पडला, आणि वर्षभरात नव्हता तो वास घरात भरला. तो दारातून बाहेर गल्लीत जावा म्हणून मुद्दाम यशोदाबाईंनीच दार लोटलं नाही, असं नंतर त्या सांगत, पण खरं म्हणजे त्यांना धावपळीत लोटायचं सुचलंच नव्हतं. निवद दाखवला. कावळ्यानं घास उचलला. ओमप्रकाश आणि नत्थूजी शेजारी शेजारी पाटावर बसले.

नत्थूजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. सगळ्यांना वाटलं, मीठ विसरलं.

"नलू," ते ताटाकडे पाहत म्हणाले. "यशोदा म्हणत होती, उद्या आईले नेऊन राह्यली म्हणून."

नलूनं वाढता वाढता हात आखडला. "ठरलं होतं तसं."

"ने बाई. तुही माय हाये, तुहा हक हाये. मी कोन आडवा येनारा. खरं म्हणजे माह्याच मुखातून ने म्हणाले पाहिजे." त्यांनी घास पुन्हा ताटात ठेवला. "पन एक सांगतो. आई गेली, बाबा गेले, दादा गेले. आता मले लहान समजनारं एकच मानूस ऱ्हायलं हाये, तेच तू नेशीन. मंग मी नुसता म्हातारा. कोनाचा लहान नाई ऱ्हानार."

ओमप्रकाशनं बायकोकडे पाहिलं. नलूनं आईकडे पाहिलं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, आणि तिची पाठ हलत होती.

"आई," नलू म्हणाली. "तू काई म्हण ना वं."

आनंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि वळल्या. नत्थूजींच्या ताटात पळीभर भाजी घातली.

"जेवताना रडू नाई, भाऊजी," त्या रागावून म्हणाल्या. "आन् ते धोतर चिखलाचं तसंच घालून पाटावर बसले. या वयात का हातपाय धुवाले सांगा लागते तुमाले? मी कुठी जात नाई. जेवा उगे."

नत्थूजी मान खाली घालून गुपचूप जेवायला लागले.